हलते पाणी : कोळंबीच्या पिशवीमागची सातशे वर्षे

समजा, तुमच्या काचेच्या टाकीत नखाएवढ्या तांबड्या कोळंब्या आहेत आणि बिऱ्हाड पुण्याहून नागपूरला हलवायचे आहे. मोटारीने सातशे किलोमीटरचा पल्ला, वाटेत दोनतीन थांबे, बाहेर एप्रिलचे ऊन. एखाद्या जाणकाराला विचारलेत तर तो भराभर नियम सांगेल : आदल्या दिवसापासून खाद्य बंद, पिशवीत पाणी थोडे आणि हवा जास्त, सोबत शेवाळाचा झुपका, थर्मोकोलचा डबा, अंधार, गारवा. हे नियम कोणा एकाने टेबलाशी बसून लिहिलेले नाहीत. त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्यातरी पायवाटेवर, जहाजावर किंवा आगगाडीत मेलेल्या हजारो जिवांच्या बदल्यात माणसाला कळला आहे. आजचा धागा त्या प्रवासांचा.

आधी अडचण नीट समजून घेऊ. पाण्यातला जीव जमिनीवरून नेताना पाण्याच्या अभावी क्वचितच मरतो. बहुधा तो पाण्यात असूनच गुदमरतो. खोलीच्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळतो तो जेमतेम आठ मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत तो सुमारे तीसपट असतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमका त्याच वेळी प्राण्याचा श्वास वाढतो. शिवाय हवेतला वायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागावरून, अतिशय सावकाश. पाणी स्थिर असेल तर वरचा पातळ थर तेवढा ताजा राहतो आणि खाली कोंडी होते. पुढे येणारी सगळी माणसे, त्यांना हे रसायन ठाऊक असो वा नसो, याच कोंडीशी झगडत होती.

समुद्रमार्गाने ही कोंडी फोडणे तुलनेने सोपे होते. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सम्राट क्लॉडियसच्या काळात ऑप्टेटस नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने पूर्वेच्या समुद्रातला ‘स्कारस’ हा मासा जिवंत आणून इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर सोडला आणि पुढची सुमारे पाच वर्षे तो कोणाच्या जाळ्यात आलाच तर परत पाण्यात सोडायचा असा दंडक पाळला गेला. जहाजावर समुद्राचे ताजे पाणी हवे तेवढे मिळते. खरी परीक्षा जमिनीवर.

त्या परीक्षेचे मला माहीत असलेले सर्वांत जिवंत वर्णन चीनमधले आहे. दक्षिण सुंग घराण्याच्या पाडावानंतर हांगझोऊ शहरात राहिलेला झोऊ मी (१२३२–१२९८) हा विद्वान आपल्या टिपणवह्यांत सटरफटर वाटाव्यात अशा असंख्य गोष्टी नोंदवून ठेवत असे. एका टिपणात तो यांगत्सेकाठच्या ज्यांगझोऊ भागातल्या मत्स्यबीजाच्या व्यापाराविषयी लिहितो. उन्हाळ्यात नदीकाठी सुईच्या टोकाएवढी पिल्ले धरली जात. व्यापारी ती विकत घेऊन डोंगर ओलांडून पार फूज्यानपर्यंत पायी नेत. भांडे असे बांबूच्या बारीक काड्यांचे, बादलीसारखे, आतून लाखेचा कागद चिकटवलेले. पाणी त्यात मुद्दाम थोडेच. वाटेत तळे लागले की जुने पाणी काढून नवे भरायचे, दिवसातून अनेकदा. थोडी मोठी, काळसर खवल्यांची पिल्ले दिसली की ती वेचून टाकायची, कारण ती राहिली तर बाकीच्यांचा घात करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पाणी थांबू द्यायचे नाही. ही माणसे दिवसभर जवळजवळ धावत जात. रात्री विसावा घ्यावासा वाटला तर एक जण जागा राहून भांडे हलवत बसे. पाणी हलते आहे तोवर पिल्लांना आपण नदीतच आहोत असे वाटते, पाणी थांबले की ती मरतात, असे झोऊ मीचे स्पष्टीकरण आहे.

स्पष्टीकरण जुने, पण निरीक्षण बिनचूक. हलवल्याने पृष्ठभाग सतत बदलतो आणि हवा आत मिसळते. पाणी थोडे ठेवल्याने ओझे हलके होते आणि पाण्याच्या मानाने उघडा पृष्ठभाग मोठा राहतो. मुक्कामाला पोहोचल्यावरही ही माणसे पिल्ले एकदम तळ्यात ओतत नसत. तळ्याच्या पाण्यात चार बांबूंना कापडाची झोळी बांधून तिच्यात ती सोडत, आणि पंधरवडा-महिनाभर तिथेच वाढवत. आजचा छांदिष्ट नवी कोळंबी टाकीत सोडण्याआधी जो संयम पाळतो, त्याचा हा पूर्वज.

आपल्याकडे बंगालमध्ये हेच काम हंडीने केले. पावसाळ्यात नदीतून धरलेले रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मातीच्या हंड्यांत घालून आगगाडीने दूरवर जाई. सोबतचा माणूस प्रवासभर हंडी हलवत किंवा हाताने पाणी थोपटत बसे. थोडी तांबडी माती पाण्यात टाकण्याचीही रीत होती, तिच्यामुळे घाण तळाशी बसते. हे मासे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. दख्खनच्या तलावांत आणि धरणांत ते नांदू लागले ते या वाहतुकीच्या जोरावर. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडवले, आणि मग बीजासाठी नदीकडे डोळे लावून बसण्याची गरज हळूहळू संपली. पुढच्या वेळी रोह्याचा तुकडा ताटात पडेल तेव्हा ती हंडी आठवायला हरकत नाही.

आता युरोप. १८४६ साली अ‍ॅना थिन ही इंग्रज स्त्री टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असता तिथल्या जिवंत प्रवाळांच्या प्रेमात पडली. तिने ती दगडी बरणीत समुद्राचे पाणी भरून लंडनला नेली. पण नुसती टाकली नाहीत. सुईदोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजला टाचली, म्हणजे गाडीच्या धक्क्यांनी ती एकमेकांवर आदळणार नाहीत आणि पाणी चारी बाजूंनी खेळते राहील. प्रवासात जिवाला धरायला काहीतरी द्यावे, ही कल्पना इतक्या स्वच्छपणे अमलात आणलेली दुसरी जुनी नोंद माझ्या पाहण्यात नाही.

लंडनला पोहोचल्यावर पाणी ताजे ठेवण्याचा प्रश्न आला, कारण समुद्र दूर होता. तिने उपाय काढला तो झोऊ मीच्या माणसांना लगेच ओळखू आला असता : उघड्या खिडकीसमोर उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. हे काम अर्थात तिने स्वतः केले नाही. घरातल्या एका लहान मोलकरणीने केले. त्या मुलीला ते काम गंमतीचे वाटे, असे बाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. मुलीचे म्हणणे काय होते ते इतिहासाकडे नाही. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती घातल्या आणि त्या वनस्पती मोलकरणीचे काम करू लागल्या. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांच्या समतोलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेड पसरले.

पण बरणीतले प्रवाळ लंडनला नेणे वेगळे आणि सामनसारखा थंड पाण्यातला मासा विषुववृत्त ओलांडून टास्मानियात नेणे वेगळे. जेम्स यूल या जमीनदाराने हा ध्यास घेतला. १८६० मधली पहिली मोहीम फसली, वाटेत बर्फ संपला. १८६२ मधली ‘ब्यूटिफुल स्टार’ या जहाजावरची दुसरीही फसली. दोन्ही वेळा अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवली होती, नदीची नक्कल करण्यासाठी. मात्र दुसऱ्या खेपेला थोडी अंडी ओल्या शेवाळात गुंडाळून एका लहान खोक्यात, थेट बर्फाच्या कोठीत ठेवली होती. वाहत्या पाण्यातली अंडी मेल्यावरही ती जगून होती.

यूलने अपयशातले हे खोके नेमके हेरले, आणि मला वाटते, त्याची खरी बुद्धी इथे दिसते. पुढच्या हिवाळ्यात त्याने लंडनमधल्या वेनहॅम लेक बर्फ कंपनीच्या तळघरात शेवाळातली अंडी बर्फाखाली ठेवून पाहिली. शंभराहून अधिक दिवसांनीही त्यांतली काही जिवंत निघाली. मग जानेवारी १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ हे जहाज निघाले. त्यावर पाइनच्या खोक्यांत थर रचलेले : लोणारी कोळसा, बर्फाचा चुरा, ओले शेवाळ, अंडी, पुन्हा शेवाळ. लाखाहून अधिक अंडी सामनची, आणि फ्रँक बकलंड व फ्रान्सिस फ्रान्सिस यांनी ऐनवेळी भेट दिलेली सुमारे तीन हजार ट्राउटची. एप्रिलच्या मध्यावर जहाज मेलबर्नला लागले. तिथून अंडी टास्मानियाच्या प्लेंटी नदीकाठी बांधलेल्या तळ्यांत गेली. मे महिन्याच्या सुरुवातीला पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले.

या यशाने दोन गोष्टी शिकवल्या. गारवा हे संरक्षण आहे, कारण थंडीत जिवाची भूक, श्वास आणि उत्सर्ग सगळेच मंदावते. आणि जिवाला ओलावा व हवा हवी असते. पाण्याचा मोठा साठा हे त्यांच्यासाठीचे केवळ एक साधन आहे. शेवाळ दोन्ही देते.

तिसरी गोष्ट कळायला वेळ लागला. सामन वाढून समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. भेट म्हणून आलेली ट्राउट मात्र तिथे रुजली, तिथून न्यूझीलंडला गेली, आणि दोन्हीकडच्या गॅलॅक्सियस कुळातल्या लहान स्थानिक माशांना तिने पिढ्यानपिढ्या खाल्ले आणि हुसकावले. वाहतूक फत्ते झाली होती, आणि नेमके तेच त्या माशांना भोवले. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्येही इंग्रजांनी बोटीने ट्राउटची अंडी आणली. पहिली खेप वाटेतच मेली, दुसरी टिकली.

अमेरिकेत १८६९ मध्ये किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग जोडला गेला आणि दोनच वर्षांनी सेथ ग्रीन या मत्स्यपालकाने हडसन नदीतली शॅड माशाची बारा हजार पिल्ले दुधाच्या कॅनमध्ये घालून कॅलिफोर्नियाला नेली. आठवड्याभराच्या प्रवासात पाणी बदलत, बर्फ टाकत, जागत त्याने सुमारे दहा हजार जिवंत पोहोचवली.

यापुढची पायरी होती मत्स्यालयाचा डबा. जून १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन न्यू हॅम्पशायरमधून एक आख्खा रेल्वेडबा घेऊन निघाला. डब्यात मोठी टाकी, तिच्यात व पिंपांत ट्राउट, पर्च, कॅटफिश, ईल आणि कोळंबीचे थोरले भाऊबंद असलेले लॉब्स्टर. ८ जून रोजी नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरचा पूल गाडीखाली कोसळला. डबा पाण्यात गेला. टाकी आणि बर्फाच्या ओझ्यामधून स्टोन आणि त्याचे सहकारी कसेबसे वर आले. महिन्यांच्या तयारीने जमवलेले मासे नदीत पसार झाले आणि खाऱ्या पाण्यातले जीव गोड्या पाण्यात संपले. इतके होऊनही स्टोन पूर्वेकडे परतला, शॅडची चाळीस हजार पिल्ले घेऊन त्याच महिन्यात पुन्हा निघाला आणि २ जुलै रोजी त्याने बहुतेक पिल्ले सॅक्रामेंटो नदीत सोडली. १८८१ पासून अमेरिकी मत्स्य आयोगाने खास बांधलेले डबे वापरात आणले. त्यांच्यासोबतचे सेवक रात्रंदिवस पळीने पाणी उचलून परत ओतत. सहाशे वर्षे उलटली, इंजिन आले, आणि माणूस अजून पाणीच हलवत होता.

हे श्रम संपवले ते एका पिशवीने. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत अपघातानेच पॉलिथिन सापडले. महायुद्धात ते रडारच्या तारांना लागले. युद्धानंतर त्याच्या पातळ, पारदर्शक पिशव्या स्वस्त झाल्या. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू, तोंडाला घट्ट रबर. हवेचा साठाच सोबत नेल्यावर हलवणारा माणूस लागत नाही. गाडीचे आणि विमानाचे हेलकावे पुरतात. माशांचा जागतिक व्यापार या पिशवीवर उभा राहिला.

येथे एक फरक लक्षात घ्या. झोऊ मीच्या व्यापाऱ्याची रीत उघडी होती : हवा सतत घ्या, घाण सतत काढा. पिशवीची रीत बंद आहे. आत प्राण्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याच्या उत्सर्गातून अमोनिया साठतो. पण गंमत अशी की साठलेला कार्बन डायऑक्साइड पाणी किंचित आम्ल करतो, आणि आम्ल पाण्यात अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणजे बंद पिशवीत एक विष दुसऱ्याला आवरून धरते. वाटेत ढाब्यावर कोणी कळवळ्याने ‘जरा हवा लागू दे’ म्हणून पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याची आम्लता उतरते आणि साठलेला अमोनिया जहाल होतो. दोन्ही रीती आपापल्या जागी उत्तम आहेत. त्यांची सरमिसळ मारते. एकतर बॅटरीच्या हवापंपासह झाकणाची बादली न्या, नाहीतर पिशवी बंद करा ती मुक्कामीच उघडा.

कोळंबी या कथेत फार उशिरा आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या निइगाता प्रांताचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५), पूर्वीचे सायकल शर्यतपटू आणि पुढे जलोद्यानकलेचे आचार्य, यांना पाणवनस्पतींवर माजणाऱ्या शैवालाचा उपाय हवा होता. जपानच्या ओढ्यांतली ‘यामातो नुमा एबी’ ही कोळंबी शैवाल फस्त करते असे दिसल्यावर त्यांनी ती हजारोंनी मागवली. आज जग तिला अमानो श्रिम्प म्हणते. तिची पिल्ले खारट पाण्यावाचून वाढत नाहीत, त्यामुळे साध्या टाकीत तिची वीण पुढे सरकत नाही; तुमच्या टाकीतल्या अशा कोळंबीने बहुधा समुद्र ओलांडलेला असतो. टाकीतच भराभर वाढणारी तांबडी चेरी ही तैवान-चीनकडच्या तपकिरी कोळंबीची निवडीने घडवलेली रूपे.

आता पुणे-नागपूर प्रवासाकडे वळू. आदल्या दिवशीचा उपास अमोनिया कमी ठेवतो. पाणी टाकीतलेच घ्यावे, नळाचे नव्हे. क्लोरीन आणि तांबे यांना कोळंबी माशांहून नाजूक असते. शेवाळाचा झुपका हा थिनबाईंचा स्पंज आणि यूलचे शेवाळ, दोन्ही एकदम : कोळंबी त्याला धरून बसते, धक्के खात नाही, पोहण्यात दम घालवत नाही. दगड आणि लाकूड पिशवीत नको, वळणावर तेच तिला चिरडतील. पिशवी आडवी ठेवली की पृष्ठभाग वाढतो. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी दिसली तर ती वेगळ्या पिशवीत. झोऊ मीच्या व्यापाऱ्यासारखी थोडी निवड करावीच लागते. थर्मोकोलचा डबा मागच्या डिकीत नको, माणसे बसतात तिथे, सावलीत. बर्फ वापरायचाच तर कागदात गुंडाळून, पिशवीला थेट न भिडवता. यूलला गोठणबिंदूजवळची अंडी हवी होती, तुम्हाला वीस-बावीस अंशांतली कोळंबी हवी आहे. जेवायला उतरताना बंद मोटार उन्हात सोडली तर वरचे सगळे व्यर्थ. आणि टाकीच्या गाळणीचा स्पंजही ओलाच न्या, त्यावरचे जिवाणू वाळले तर नागपूरला टाकी नव्याने घडवावी लागेल.

तिथे पोहोचल्यावर बंद पिशवी नव्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे. मग उघडल्यावर मात्र रेंगाळू नये : कोळंब्या जाळीने अलगद उचलून टाकीत सोडाव्यात आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. टाकीचे पाणी फारच निराळे असेल तर कोळंब्या आधी त्या टाकीतल्या व जुन्या स्वच्छ पाण्याच्या मिश्रणात काही तास ठेवाव्यात. त्यासाठी जुन्या टाकीचे दोनचार लिटर पाणी वेगळ्या कॅनमधून आणलेले बरे.

जास्त झालेल्या कोळंब्या वाटेतल्या नदीत सोडण्याचा मोह अनेकांना होतो. जर्मनीत कोलोन शहराच्या पश्चिमेला गिलबाख नावाचा ओढा आहे. नीडरआउसेमच्या वीजकेंद्रातले कोमट पाणी त्यात सोडले जाते, त्यामुळे तो हिवाळ्यातही गोठत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी तिथे दोन आशियाई कोळंब्या नांदत असल्याची नोंद प्रसिद्ध केली. एक आपल्या चेरीचीच जात. दुसरी ‘मॅक्रोब्रॅकियम डायानम’, मूळची भारतीय उपखंडातली, जिला तिथवर पोहोचायला कोणाची तरी पिशवी लागली होती.